पाणी कुठल्या हाताला

९ फेब्रुवारी

धाकट्या,

पार्सल पोचलं. बुटांच्या आत हात घालून पाहिला, वरचा कागद उलटा केला, टॉवेल झटकला. चिठ्ठी नाही. गिऱ्हाईक बूट टाकून जातं तेव्हा निदान 'कधी मिळतील' एवढं तरी विचारतं. तू पाठचा भाऊ, पण तेवढाही शब्द तुझ्या हातून सुटला नाही.

बूट बाबांचे आहेत हे कळायला चिठ्ठी नकोच होती म्हणा. उजव्याची बाहेरची कड पार झिजलेली, डावा त्या मानाने धड. जन्मभर तळ्याची राखण करत पाणी उजव्या हाताला ठेवून फिरलेला माणूस. वाट पाण्याकडे कललेली, मग बूटही कलताच झिजायचा. दुकानात एवढे बूट माझ्या हाताखालून जातात, पण हे टेबलावर ठेवले आणि दाभण हातात घेववेना. पिशव्यांच्या चेनी बसवत बसले दिवसभर.

बूट दुरुस्तीला पाठवलेस, म्हणजे बाबा चालायचं म्हणतायत. आणि ते चालायचं म्हणतायत म्हणजे त्या तुझ्या आश्रमात त्यांचा जीव घुसमटतोय. मला एवढं तरी कळतं. शाळा मी अर्ध्यात सोडली, पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून शिकले, पण माणूस बूट का मागतो हे कळायला पुस्तक लागत नाही.

आता तू सोडलास तो विषय मी काढते. आपलं काय ठरलं होतं? बाबा एका संध्याकाळी भरकटले, रानात ओंडक्यावर बसलेले सापडले, तेव्हापासून तू म्हणत होतास की त्यांना आश्रमात ठेवू, तिथे नर्स असतात, फाटकाला कुलूप असतं. मी म्हणत होते, कुलपात भांडी ठेवतात. फोनवर आपलं रोज वाजायचं. शेवटी तूच म्हणालास, "ताई, फोनवर नको. लहानपणी करायचो तसं तळ्याभोवती फिरू. तू तुझ्या बांधाकडच्या फाटकातून नीघ, मी मोठ्या फाटकातून निघतो. मी उजवीकडून, तू डावीकडून. जिथे भेटू तिथे बसून ठरवू. आणि जो येणार नाही, त्याचं म्हणणं पडलं."

मला केवढं बरं वाटलं होतं. म्हटलं, पोरगा मोठा साहेब झाला, पण बाबांचा खेळ विसरला नाही. आठवतं ना? बाबा आपल्याला पाठीला पाठ लावून उभं करायचे आणि दोन बाजूंना सोडायचे. भेटू तिथे एक गोड पाव मोडून खायचा. परत आल्यावर ते विचारायचे, "कुठे भेटलात?" जो जास्त चालला तो त्या दिवशीचा शहाणा. तू लबाड, धावत यायचास आणि वर म्हणायचास, "मी चालतच आलो."

तर गेल्या ऑक्टोबरात, बाबांकडे बघायला समोरच्या मावशींना सांगून, मी गेले. या वयात. पाटीवर लिहिलंय 'वाट मध्यम'. मध्यम म्हणजे काय, तर निघताना माणूस गप्पा मारतो आणि परतताना नुसता श्वास मारतो. मुळांवरून, दगडांवरून, गुडघ्याला पट्टा बांधून गेले. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता हा समोरून येईल. तोंडात पहिलं वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं. सपाट दगडापाशी टेकले, माझा अर्धा पाव खाल्ला, तुझा अर्धा पानाखाली झाकून ठेवला. मोठ्या फाटकाशी आले तर तिथे गाड्यांची ही रांग. त्यातली तुझी कुठली, मला काय ठाऊक? नवी गाडी घेतल्याचं तू सांगितलंस कधी? मग उरलेली वाट चालत घरी आले.

घरी काय, तर खाट रिकामी. समोरच्या मावशी म्हणाल्या, "अगं, तुझा भाऊ येऊन घेऊन गेला की. म्हणाला, तिला सांगा, ठरल्याप्रमाणे."

ठरल्याप्रमाणे! येणार नाही त्याचं म्हणणं पडलं, असं ठरलं होतं. न आलेला तू, आणि नेलंसही तूच. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराचं 'ठरल्याप्रमाणे' पहिल्यांदा ऐकलं.

बूट करून ठेवते. पण पोस्टाने पाठवायची नाही. बाबांना घेऊन ये, इथे त्यांच्या पायात घालीन. उन्हाळ्याच्या आत आण. त्यांची खोली मी रोज झाडते.

ताई


२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, मग पोळपाटाखाली दाबून ठेवलं, मग पुन्हा काढून वाचलं. तुझंच लिहिलेलं तुला परत वाचून दाखवते, म्हणजे कसं दिसतं ते तुलाच कळेल.

"ताई, मी आलो होतो. अख्खा वळसा घातला. लाकडी पुलाच्या कठड्याला नुकताच हिरवा रंग दिला होता, माझा हात आणि बाही दोन्ही भरली. सपाट दगडावर कुणीतरी पाव टाकून गेलं होतं, त्यावर कावळे भांडत होते. तू कुठेच नव्हतीस. यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंस, घरातून निघून जाऊन बसायची काय गरज होती?"

वा रे वा. पाव कुणीतरी टाकून गेलं होतं काय? अरे, तो मी ठेवलेला पाव. तुझ्या वाटणीचा. तो तू पाहिलास, म्हणजे तू माझ्या मागून चालत होतास. बहीण पुढे लंगडत चाललीय, आणि मागून येणारा भाऊ एक हाक मारत नाही? आणि वर लिहितोस, तू कुठेच नव्हतीस. आंधळ्यालासुद्धा माझ्या काठीचा आवाज ऐकू आला असता.

बरं, तो रंगही मी पाहिलाय. पुलावर आले तेव्हा ओलाच होता, आणि कठड्यावर पंजा उमटलेला होता, पाच बोटांचा, खाली फराटा ओढलेला. मी हसले होते बघ. म्हटलं, कोण हे ध्यान, एवढी मोठी पाटी लावलीय तरी हात टेकवतंय. आता तू म्हणतोस तो हात तुझा. म्हणजे तू माझ्या पुढेही होतास. पाव बघायला मागे आणि रंग लावायला पुढे. भूत आहेस की काय? खोटं बोलावं, पण एका दिशेने तरी बोलावं.

मला वाटतं, तू तिथे आलास, मला लांबून पाहिलंस, आणि झाडाआड झालास. समोर आला असतास तर मी जिंकले असते, हे तुला ठाऊक होतं. लहानपणीही हरायची वेळ आली की तुझ्या पोटात दुखायचं.

तुझ्या पत्रातल्या एकाच गोष्टीवर माझा विश्वास बसला. बाबा दिवसभर नर्सला विचारतात, "पाणी कुठल्या हाताला?" आणि ती बिचारी दर वेळी पाण्याचा ग्लास आणून देते. हे मात्र तुला रचता येणार नाही, तेवढी कल्पना तुझ्या डोक्यात नाही. वाचून मला आधी हसू आलं. मग चूल विझवून तशीच बसून राहिले.

तू तिथे असतोस ना रविवारी? मग तू का नाही सांगत तिला? तुझ्यादेखत ती ग्लास आणते आणि तू तो बाबांना पाजतोस? बाबांचा तो प्रश्न आहे तरी काय हे विसरलास, की नर्सला समजावून सांगायची लाज वाटते?

बूट तयार आहेत. तळ नवा घातला, उजवी कड आतून चामड्याची पट्टी लावून उचलून घेतली. पाठवणार नाही म्हणजे नाही.

ताई


६ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र रागात लिहीत नाहीये, म्हणून नीट वाच. फाडलंस तरी वाचून फाड.

काल दुकानात एक जोडपं आलं. नवरा-बायको, दोघंही तरुण, पाठीवरच्या पिशवीचा पट्टा तुटलेला. शिवून दिला. बायकोने विचारलं, "आजी, तळ्याला वळसा घालायचा तर कुठून जाऊ?" मी म्हटलं, "उजवीकडून जा. चढ हळूहळू लागतो. डावीकडून गेलात तर सुरुवातीलाच पायऱ्या लागतात, जीव काढतात." गेले बिचारे. चार घास खाऊन मी जरा पडले होते, तेवढ्यात परत आले ते लाल तोंडाने. पोरगी पायरीवर मटकन बसली आणि म्हणाली, "आजी, काय वैर होतं हो आमच्याशी? उजवीकडून सोपं म्हणालात, आणि पायऱ्या काय त्या!"

मी म्हटलं, "पायऱ्या लागल्या म्हणजे तुम्ही पाणी डावं घेतलंत. मी उजवं सांगितलं होतं."

नवरा म्हणाला, "अहो, उजवीकडेच वळलो की आम्ही. फाटकातून आत शिरलो आणि उजव्या हाताची वाट धरली. पाणी मग डावीकडेच येणार ना?"

त्याच्या डोक्यात काही घोळ नव्हता. घोळ माझ्या कानात होता. मी त्यांना पाणी प्यायला दिलं, आणि ग्लास देताना माझा हात तिथेच थांबला.

धाकट्या, आपल्या घरात 'उजवीकडून' म्हणजे काय होतं? बाबा म्हणायचे, "वाट कुठे वळते ते नका सांगू मला, वाट वळतच राहते. पाणी कुठल्या हाताला आहे ते सांग." रानात कुणी चुकलं की ते लांबूनच ओरडून हेच विचारायचे. पाणी उजवं म्हणजे उजवीकडून. पाणी डावं म्हणजे डावीकडून. हे जगाचं मराठी नव्हे रे, हे एका राखणदाराच्या घरातलं मराठी. मी त्या घरातून बाहेर पडलेच नाही, म्हणून मला दुसरं येत नाही. तू बाहेर पडलास. रस्त्यांच्या खात्यात गेलास, जन्मभर डांबरावर बाण रंगवून घेतलेस. तुझ्या बाणाला पाणी कुठे आहे ते काय माहीत?

तू फोनवर म्हणालास, मी उजवीकडून, तू डावीकडून. तू मोठ्या फाटकातून उजव्या हाताची वाट धरलीस, तुझ्या बाणाप्रमाणे. तुझ्या डाव्या हाताला पाणी. मी बांधाकडून 'डावीकडून' निघाले, बाबांच्या शब्दाप्रमाणे. माझ्याही डाव्या हाताला पाणी.

आलं लक्षात? आपण दोघं एकाच दिशेने चालत होतो. तळ्याच्या या काठाला मी, त्या काठाला तू. तू पुढेही होतास आणि मागेही होतास, कारण वाट गोल आहे. पुलावरचा पंजा तुझा. दगडावरचा पाव माझा. तुझे पाय तरुण, तू आधी फिरून आलास, गाडी काढून घराशी आलास, मी घरात नाही. तुला वाटलं, मुद्दाम तोंड चुकवून गेली. मी तेव्हा पुलावर तुझ्या हाताला हसत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी हजारदा दुसऱ्यांना ऐकवली असेल.

रात्रभर विचार केला की चूक कुणाच्या पदरात टाकू. तुझ्या टाकावी तर तू चारचौघांसारखंच बोललास. माझ्या टाकावी तर मी बापाचा शब्द पाळला. बाबांच्या टाकावी तर त्यांना आता स्वतःचं नाव सांगता येत नाही. चुकीला बसायला जागाच नाही, आणि तरी तिने आपलं सगळं घर खाल्लं. कुणी वैऱ्याने केलं असतं तर निदान त्याला शिव्या देऊन झोप लागली असती.

आणि एक खरं सांगू? त्या दिवशी भेटलो असतो तरी आपण भांडलोच असतो. तू तुझं सोडलं नसतंस, मी माझं. पण तोंडासमोर भांडलो असतो. मी रडले असते, तू मग पाव माझ्या हातात दिला असतास, दोघांनी मिळून काहीतरी अर्धंमुर्धं ठरवलं असतं. हिवाळा इथे, उन्हाळा तिथे, असं काहीतरी. आता काय आहे? तू एक टोक, मी एक टोक, आणि मध्ये ग्लास घेऊन उभी असलेली नर्स.

बाबांना घेऊन ये. हट्ट म्हणून नाही म्हणत. पाणी दाखवायला आण.

नाहीतर मला बोलव. बूट घेऊन येते.

ताई


१८ मे

धाकट्या,

माझ्या एवढ्या लांब पत्राला तू उत्तरात आश्रमाच्या भेटीच्या वेळा लिहून पाठवल्यास. खाली सहीसुद्धा नाही. मी म्हटलं, हेही नसे थोडके, आणि बसमध्ये बसले.

तिथे आपण फारसं बोललो नाही, म्हणून आता लिहिते. 

आश्रम चांगला आहे. हे लिहायला माझ्या हाताला किती कष्ट पडले ते तुला कळणार नाही. खोलीला ऊन आहे, चादर स्वच्छ होती, आणि ती नर्स, जिच्यावर मी इतके महिने मनातल्या मनात दात खाल्ले, ती बाबांचे केस विंचरताना गुणगुणत होती. बाबा तिला 'ताई' म्हणत होते. मला म्हणाले, "आपण कोण? बसा ना, उभ्या का?" मी बसले. पाहुणीसारखी.

डॉक्टरांनी सांगितलं ते तू ऐकलंसच. प्रवास आता झेपायचा नाही. ऑक्टोबरात झेपला असता, निदान एक हिवाळा घरी काढता आला असता, असं ते म्हणाले. तू तेव्हा खिडकीबाहेर पाहत होतास. मीही तुझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांपैकी कुणीतरी काहीतरी बोललं असतं, आणि ते परत घेता आलं नसतं. म्हणजे मी हरले. तू जिंकलास म्हणावं, तर तुझा चेहराही जिंकलेल्याचा नव्हता.

मी बूट काढले. बाबांनी उजवा हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवत राहिले. मला ओळखलं नाही, शिवण ओळखली. मी त्यांच्या पायात बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि त्यांनी मान वर करून मला विचारलं, "पाणी कुठल्या हाताला?"

नर्स ग्लास आणायला वळली. मी म्हटलं, "उजव्या, बाबा."

ते उठले. तू पाहिलंस ना कसे उठले? ज्या माणसाला दोघंजण धरून न्हाणीत नेतात, तो बाहेरच्या अंगणात चालत आला. तिथे ती गोल हिरवळ आहे, मध्ये झाडं, भोवती फरशीची वाट. तिच्या काठाशी उभे राहिले, आणि आपल्याला जवळ बोलावलं. पाठीला पाठ लावून उभं केलं. तुझं पोट सुटलंय, माझी पाठ वाकलीय, पाठीला पाठ नीट लागेना, तर त्यांनी माझा खांदा दाबून लावली. मग म्हणाले, "तू उजवं. तू डावं. पळायचं नाही हं."

आपण निघालो. साहेब आणि म्हातारी. बाकावर बसलेले लोक बघत होते. या खेपेला दिशा चुकायचा सवालच नव्हता, त्यांनीच हाताने सोडलं होतं. मी चालत होते. झाडांमागून तू येणार होतास. समोरून. अखेर समोरून. त्या ऑक्टोबरातलं पहिलं वाक्य मी पुन्हा तोंडात आणून ठेवलं होतं. ते काही मोठं नव्हतं रे. "किती वाळलास" एवढंच होतं. आता तेही बदलावं लागलं असतं.

आणि तू आलास. दोन पावलांवर थांबलास. तुझे ओठ हलले. मी वाट पाहिली. मग तू कडेला झालास, हिरवळीवर उतरलास, आणि मला जायला वाट दिलीस. रानात समोरून अनोळखी माणूस आला की देतात, तशी.

आणि मी गेले. दोष तुला एकट्याला देत नाही. मीही थांबले नाही. तू वाट दिलीस, मी ती घेतली. पुढे गेल्यावर मागे वळून पाहिलं, तर तू अजून गवतातच उभा होतास, स्वतःच्या बुटांकडे बघत.

आपण निघालो तिथेच बाबा उभे होते. दोन बाजूंनी आपण पोचलो तसा त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. म्हणाले, "कुठे भेटलात?"

तू आणि मी एकदमच म्हणालो, "झाडांपाशी."

"भेटलात ना पण?"

"भेटलो, बाबा."

तेवढं ऐकून ते समाधानाने बाकावर बसले आणि नर्सला म्हणाले, "माझी मुलं आहेत. भांडतात, पण भेटतात." ती हसली. आपणही हसलो. इतक्या महिन्यांत आपण दोघांनी मिळून केलेलं काम ते एवढंच, बापाला खोटं सांगणं. आणि काय एकसुरात सांगितलं.

बूट त्यांच्याजवळच राहू देत. काढायला गेलं की ते पाय आखडून घेतात असं नर्स म्हणत होती. तिला सांग, झोपेतही राहिले तरी चालेल, तळ नवा आहे. आणि पाणी कुठल्या हाताला विचारलं की ग्लास आणू नको, 'उजव्या' म्हण, हे मी तिला सांगितलंय. तुला सांगायला नको.

इकडे पुलाच्या कठड्याला पुन्हा रंग द्यायचं चाललंय. माणसं डबे घेऊन आली, खरवडायला सुरुवातही केली. पंजा अजून आहे तिथे, पाच बोटं आणि खाली फराटा. काल पिशव्या पोचवायला त्या बाजूला गेले होते, तर त्यावर माझा हात ठेवून पाहिला. तुझा हात मोठा झालाय. बोटं माझ्याहून चांगली पेरभर पुढे जातात.

तेवढा भाग सोडून रंगवा, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? विचारतील, कोणाचा हात, तर काय उत्तर देऊ?

ताई